युद्धांतील बेपत्ता वैमानिक: स्मरणलेखांची पाठचिकित्सा

या त्रैमासिकांत आजवर ताम्रपट, शिलालेख, बखरी, महजर आणि पोथ्या यांचीच चिकित्सा होत आली आहे. तेथें विमानदळांतील बेपत्ता माणसांचा विषय काढलेला पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु प्रस्तुत लेखांत विमानविद्येचा विचार करावयाचा नसून पुराव्याचा करावयाचा आहे. विमान कोसळतें, माणूस परत येत नाहीं, शरीर सांपडत नाहीं. मागें राहतात ते कागद. एक तार, एक यादी, वृत्तपत्रांतील एक ओळ, स्मारकाच्या भिंतीवरील एक नांव. या साधनांची चिकित्सा जुन्या पोथीच्या पाठचिकित्सेहून भिन्न नाहीं. आणि ती न करतां लिहिलेले स्मरणलेख ज्याचें स्मरण करावयाचें त्याच्यावरच अन्याय करितात, हें दाखविणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आरंभीं माझाच एक अपराध सांगतों. यवतमाळ जिल्ह्यांतील एका शाळेंत मी संस्कृत शिकवीत असतां पंचक्रोशींतील सैनिकांच्या नांवांचा एक फलक शाळेच्या भिंतीवर रंगवावयाचें ठरलें, आणि यादी करण्याचें काम मजकडे आलें. ऐकीव माहितीवरून मीं नांवें लिहिलीं आणि विमानदळांत गेलेल्या एका तरुणाच्या नांवापुढें ‘वीरगति’ हा शब्द घातला. फलक झाल्यावर आठ दिवसांनीं त्याची म्हातारी आई शाळेंत आली. भिंतीपुढें उभी राहून तिनें एका मुलाकडून तो शब्द वाचून घेतला आणि मग मला विचारलें, “गुरुजी, माहं पोरगं मेलं असं तुमाले कोनं सांगतलं?” तिनें पिशवींतून कागद काढून मजपुढें धरला. त्यांत मृत्यूचा शब्द कोठेंच नव्हता. ‘बेपत्ता’ या अर्थाचा शब्द होता. जो मनुष्य विद्यार्थ्यांस एका विसर्गासाठीं सबंध ओळ पुन्हां लिहावयास लावीत असे, त्यानें मूळ कागद न पाहतां एका आईच्या मुलाचा मृत्यु लिहून टाकला होता. पुढें तो शब्द चुन्यानें झांकून नवा शब्द घातला. तरी पहिल्या रंगाचीं अक्षरें त्याखालून बरींच वर्षें दिसत राहिलीं. प्रस्तुत लेख त्या चुकीचें प्रायश्चित्त समजावें.

१

ज्यांचा मूळ ग्रंथ हरवला त्यांनीं काय करावें, याचा उत्तम धडा आपल्याच प्रांतांत आहे. म्हाइंभटांनीं सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी धाडींत नाहींशी झाली. पुढें शिष्यपरंपरेनें स्मरणानें तो ग्रंथ पुन्हां उभा केला. स्मरण करणारे अनेक, म्हणून पाठही अनेक झाले. परंतु त्या मंडळींनीं अमक्याच्या स्मरणांत असें आहे, तमक्याच्या स्मरणांत तसें आहे, असे भेद राखून ठेविले. सर्वांचें मिश्रण करून एकच गुळगुळीत कथा केली नाहीं. ज्यांनीं य. खु. देशपांडे यांच्या परिश्रमानें शारदाश्रमांत जमलेल्या महानुभावीय पोथ्यांचें दर्शन घेतलें असेल, त्यांस या प्रामाणिकपणाची किंमत निराळी सांगावयास नको.

दुसरा धडा पुण्याचा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची जी चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पूर्ण केली, तींत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं घालून दिलेली एक पद्धति आहे. जो पाठ संपादकांस पूर्णपणें निश्चित वाटला नाहीं, त्याखालीं त्यांनीं नागमोडी रेघ दिली. ती रेघ म्हणजे संपादकाची कबुली होय. “हा पाठ मी स्वीकारला आहे, परंतु येथें मजवर पूर्ण विसंबूं नका” असें ती वाचकास सांगते. हजारों श्लोकांच्या ग्रंथांत एका अक्षराखालीं जी काळजी आपण घेतों, ती एका माणसाच्या मरणाखालीं घेऊं नये काय?

न्यायशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर बेपत्ता माणसाविषयींचें आपलें ज्ञान तीन मार्गांनीं येतें: प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द. शरीर सांपडून ओळख पटली तर तें प्रत्यक्ष. विमानाचा सांगाडा सांपडला आणि माणूस त्या विमानांत होता हें ठाऊक आहे, तर त्याचा मृत्यु अनुमानानें सिद्ध होतो. कोणीं तरी सांगितलें वा छापलें एवढेंच असेल तर तो शब्द. आणि शब्द प्रमाण होण्यास सांगणारा आप्त, म्हणजे यथार्थ जाणणारा व यथार्थ बोलणारा, असावा लागतो. बहुतेक स्मरणलेखांचा दोष हा कीं, ते या तिहींची सरमिसळ करितात. पुढें तीन निरनिराळीं उदाहरणें घेऊन हें स्पष्ट करितों.

२

मालवाहू विमानाच्या अपघाताचें साधनदृष्ट्या एक वैशिष्ट्य आहे. लढाऊ विमान पडतांना पुष्कळदां जोडीचा वैमानिक पाहत असतो. मालवाहू विमान बहुधा एकटें जातें आणि एकटेंच नाहींसें होतें. साक्षीदार नसतो, असते ती निघण्यापूर्वीं केलेली यादी. ती यादी विमानांत बसलेल्यांची असते, मेलेल्यांची नसते. या दोहोंमधील अंतर एका तर्काचें आहे. तो तर्क कितीही बळकट असला तरी तर्कच होय.

दुसऱ्या महायुद्धांत या प्रकारच्या अपघातांची मालिकाच झाली. १९४२ सालीं जपान्यांनीं ब्रह्मदेश घेतल्यावर चीनकडे जाणारा खुष्कीचा मार्ग तुटला, आणि आसामांतील विमानतळांवरून हिमालयाच्या पूर्वेकडील रांगा ओलांडून युन्नान प्रांतांतील कुनमिंगपर्यंत विमानांनीं रसद जाऊं लागली. युद्ध संपेपर्यंत या वाटेवर सुमारें सहाशें विमानें नष्ट झालीं. त्यांतील बहुतेक अमेरिकन होतीं. शत्रूच्या गोळ्यांपेक्षां ढग, बर्फ आणि उंची यांनींच अधिक बळी घेतले. अरुणाचल प्रदेशाच्या रानांत त्यांचे अवशेष अलीकडेपर्यंत मिळत आले, आणि पासीघाट येथें २०२३ सालीं त्यांच्या स्मरणार्थ एक संग्रहालय उघडलें.

ज्यांचीं शरीरें मिळालींच नाहींत अशा राष्ट्रकुलांतील सैनिकांचीं व वैमानिकांचीं नांवें सिंगापुरांतील क्रांजी येथील स्मारकावर कोरलीं आहेत. १९५७ सालीं उघडलेल्या या स्मारकावर २४,००० हून अधिक नांवें आहेत, आणि दक्षिण व पूर्व आशियाच्या आकाशांत नाहींसे झालेले वैमानिक त्यांत येतात. या नोंदींतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यांच्या मृत्यूचा दिवस कळलेला नाहीं, त्यांच्या नांवापुढें ते केव्हांपासून बेपत्ता आहेत किंवा केव्हां कैद झाले तो दिवस वा काळ नोंदला आहे. म्हणजे तो दिवस मरणाचा नव्हे, कागदावरील शेवटच्या दर्शनाचा होय. ज्यास हें ठाऊक नाहीं तो अभ्यासक ती तारीख मृत्युतिथि म्हणून उतरून घेईल, आणि पुढील दहा लेखक त्याची नक्कल करितील. नोंद करणाऱ्यानें रेघ दिली होती. नक्कल करणाऱ्यानें ती गाळली. पोथ्यांच्या बाबतींत हा प्रकार आपण नित्य पाहतों.

याच्या उलट स्थिति पुण्याजवळ खडकी येथील युद्धस्मशानांत आहे. पश्चिम व मध्य हिंदुस्थानांतील ज्या थडग्यांची कायमची निगा राहील याची खात्री नव्हती, तेथील अवशेष हलवून या एका ठिकाणीं आणण्यांत आले. दुसऱ्या महायुद्धांतील १,६६८ दफनें येथें आहेत. येथें शरीर आहे, नांव आहे, दळ आहे, दिवस आहे. परंतु माणूस कोठें पडला आणि प्रथम कोठें पुरला गेला, हें दगड सांगत नाहीं. नाण्यांचा ठेवा फोडून नाणीं निरनिराळ्या संग्रहांत गेलीं म्हणजे नाणें राहतें पण ठिकाण हरवतें. तसाच हा प्रकार आहे. क्रांजीस नांव आहे आणि शरीर नाहीं. खडकीस शरीर आहे आणि स्थळ नाहीं.

आपल्या वीरगळांची तऱ्हा आणखी तिसरी. खालच्या चौकटींत युद्ध, मधल्या चौकटींत अप्सरा वीरास वर नेत आहेत, आणि वरच्या चौकटींत तो शिवलिंगापुढें बसलेला आहे. मुंबईजवळ एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्ध इतकें स्पष्ट कोरलें आहे कीं वल्हीं मोजावीं. परंतु तें कोणाचें युद्ध व मेला तो कोण, याविषयीं विद्वानांत अजून मतभेद आहेत. तेथें प्रसंग राहिला आणि नांव गेलें. यावरून एवढेंच घ्यावयाचें कीं, कोणतेंही स्मारक सर्व गोष्टी राखीत नाहीं. टीकाकाराचें काम त्यानें काय राखलें व काय गाळलें हें ओळखण्याचें आहे. गाळलेलें कल्पनेनें भरण्याचें नव्हे.

३

आतां प्रत्यक्ष व अनुमान यांतील भेद दाखविणारें उदाहरण घेऊं. ७ फेब्रुवारी १९६८ रोजीं भारतीय विमानदळाचें एक अँटोनोव्ह-१२ जातीचें मालवाहू विमान चंडीगडहून लेहकडे निघालें. तें वर्ष युद्धाचें नव्हतें. परंतु १९६२ व १९६५ च्या युद्धांनंतर लडाखांतील ठाण्यांचा निभाव ज्या हवाई वाहतुकीवर होत होता, तिचाच हा एक फेरा होता. विमानांत १०२ माणसें होतीं: कांहीं विमानदळाचीं, बहुतेक भूदळाचीं. हवा बिघडल्यामुळें विमान परत फिरलें आणि रोहतांग खिंडीच्या आसपास त्याचा संपर्क तुटला. पुढें पस्तीस वर्षें त्याचें कांहींच मिळालें नाहीं.

२००३ सालीं मनाली येथील गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीस लाहौलमधील ढाका हिमनदीवर अवशेष आढळले. त्यानंतर वेळोवेळीं मोहिमा झाल्या. २०१९ पर्यंत पांच आणि २०२४ च्या सप्टेंबर अखेरीस चार, अशीं एकूण नऊ शरीरें हातीं आलीं. शेवटच्या चौघांपैकीं तिघांची ओळख तेथें मिळालेल्या कागदपत्रांवरून लगेच पटली. छप्पन्न वर्षें बर्फांत राहिलेला कागद वाचतां आला, ही गोष्ट आपणां पोथीसंग्राहकांस विशेष वाटेल. आपल्याकडे पन्नास वर्षांत वाळवी काय करिते हें आपण जाणतों.

यांतील एका नांवाची कथा पाठचिकित्सेच्या वर्गांत शिकवावी अशी आहे. पहिल्या बातम्यांत एक नांव ‘थॉमस चरण’ असें आलें. उत्तरेकडील कानास तें नांव अगदीं सरळ वाटलें. परंतु तो मनुष्य केरळांतील पत्तनमतिट्टा जिल्ह्यांतील एलंथूरचा, सैन्याच्या विद्युत्-यांत्रिक दळांतील कारागीर. आणि त्याचें नांव ‘थॉमस चेरियन’. केरळांतील ख्रिस्ती कुळांत चेरियन हें नांव चांगलें रूढ आहे. अपरिचित पाठाच्या जागीं परिचित पाठ येऊन बसतो, हा नकलनविसांचा जुनाच धर्म येथें पुन्हां दिसला. परंतु या ठिकाणीं पाठभेदानें घोटाळा झाला नाहीं, कारण मूळ प्रत हातीं होती. शरीर होतें, कागद होता, गांव होतें आणि गांवांत वाट पाहणारें घर होतें. ऑक्टोबर २०२४ मध्यें गांवच्या चर्चच्या आवारांत त्याचें दफन झालें. बाविसाव्या वर्षीं गेलेला भाऊ छप्पन्न वर्षांनीं घरीं आला.

या प्रसंगावर जे लेख प्रसिद्ध झाले, त्यांतील पुष्कळांचा सूर असा होता कीं बर्फानें आपलें देणें परत केलें आणि प्रतीक्षा संपली. वाचावयास हें बरें वाटतें. परंतु १०२ मधून नऊ वजा केले म्हणजे त्र्याण्णव उरतात. त्या त्र्याण्णव घरीं कोणाचीही पेटी गेली नव्हती. त्यांच्या बाबतींत विमान सांपडलें, स्थळ कळलें, आणि तेथून कोणी जिवंत उतरला असण्याचा संभव उरला नाहीं, हें सर्व खरें. मृत्यु निःसंशय आहे. तरी तो अनुमानानें निःसंशय आहे, प्रत्यक्षानें नव्हे. ज्या आईनें वा पत्नीनें शेवटपर्यंत वाट पाहिली तिला हा भेद पंडिती वाटत नाहीं. तिच्या संसाराचा तोच भेद असतो. म्हणून अशा लेखांत नऊ नांवें एका रकान्यांत आणि त्र्याण्णव नांवें दुसऱ्या रकान्यांत लिहिणें हाच खरा आदर होय. सर्वांस एकाच वाक्यांत ‘घरीं आणणें’ हा अलंकार आहे, इतिहास नव्हे.

४

तिसरें उदाहरण आपल्या भाषेंतील नांवाचें आहे, आणि तेथें केवळ शब्दप्रमाण उरलें आहे. विमान मालवाहू नसून लढाऊ होतें, हा फरक आधींच सांगतों. परंतु प्रश्न तोच आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे ५ डिसेंबर १९७१ रोजीं सुखोई-७ जातीच्या विमानांतून पाकिस्तानांतील शोरकोट रोड येथील विमानतळावरील हल्ल्यास गेले आणि परत आले नाहींत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटन खेळांतील राष्ट्रीय विजेत्या होत्या. विवाहास दोन वर्षेंही झालीं नव्हतीं. १९७१ च्या युद्धांतील बेपत्ता ५४ जणांची जी यादी पुढें प्रसिद्ध झाली, तींत तांबे यांचें नांव आहे. असा कोणीही कैदी आपणांकडे नाहीं, असें पाकिस्तान सांगत आलें. २००७ सालीं बेपत्तांच्या नातेवाइकांचें एक शिष्टमंडळ पाकिस्तानांतील तुरुंग पाहून आलें. हातीं कांहीं लागलें नाहीं.

या प्रकरणांत वारंवार पुढें येणारा पुरावा म्हणजे डिसेंबर १९७१ मधील तत्कालीन पूर्व पाकिस्तानांतील एका इंग्रजी वृत्तपत्राची बातमी. हिंदी विमानदळाचे कांहीं वैमानिक जिवंत पकडले, असें तींत म्हटलें असून एका वैमानिकाचें नांव ‘टॉम्बे’ असें छापलें आहे. कुटुंबियांनीं हें नांव ‘तांबे’ म्हणून ओळखलें. आतां या पाठाची चिकित्सा करूं.

पहिला प्रश्न: ‘टॉम्बे’ म्हणजे ‘तांबे’ काय? कोणी म्हणेल, वृत्तपत्र बंगालच्या भूमींतलें, आणि बंगाली उच्चारांत ‘अ’ चा ‘ओ’ होतो. हें उत्तर मोहक आहे, पण चुकीचें आहे. बंगालींत ‘ओ’ सारखा उच्चार ऱ्हस्व ‘अ’ चा होतो. ‘तांबे’ यांतील स्वर दीर्घ ‘आ’ आहे, आणि तो बंगाली मुखांतही ‘आ’ च राहतो. तेव्हां कानाची चूक येथें संभवत नाहीं. डोळ्याची चूक मात्र सहज संभवते. हातानें लिहिलेल्या रोमन लिपींत ‘ए’ आणि ‘ओ’ हीं अक्षरें एकमेकांसारखीं दिसतात. शिवाय खिळे जुळविणाऱ्याच्या हातास मुंबईच्या इंग्रजी नांवाची संवय असते, आणि ‘टॉम्बे’ हें त्याच वळणाचें रूप आहे. परिचित पाठ अपरिचित पाठास गिळतो, हा चेरियन यांच्या नांवांत पाहिलेला नियम येथेंही लागू पडतो. बेपत्तांच्या यादींत या नांवाशीं जुळेल असें दुसरें नांव नाहीं. म्हणून ‘टॉम्बे’ हा ‘तांबे’ याचाच अपपाठ होय, हें मला संभवनीय वाटतें.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. नांव बरोबर ठरलें म्हणजे बातमी बरोबर ठरते काय? येथेंच बहुतेक लेखकांचें पाऊल घसरतें. त्या बातमींत दोन विधानें एकत्र आहेत: एक, तांबे या नांवाचा वैमानिक, दोन, तो जिवंत पकडला. पहिलें विधान सिद्ध झाल्यानें दुसरें सिद्ध होत नाहीं. नांव जिवंत माणसाच्या मुखांतून येऊं शकतें. तसें तें पडलेल्या विमानाजवळील कागदावरून वा पोशाखावरील पट्टीवरूनही येऊं शकतें. उलट, अपपाठ जर डोळ्याच्या चुकीनें झाला असेल, तर नांव कोठें तरी लिहिलेल्या रूपांत होतें एवढेंच निघतें. तें अधिकाऱ्यानें विचारून लिहिलें कीं कागदावरून उतरलें, हें त्यावरून निघत नाहीं. आणि युद्धकालीन वृत्तपत्र आप्त मानावें काय? दोन्ही पक्षांचीं वृत्तपत्रें युद्धांत कैदी व पाडलेलीं विमानें वाढवून सांगतात, हें कोणत्याही युद्धाच्या अभ्यासकास ठाऊक आहे.

मग हा पुरावा टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. चिकित्सक संपादक एकाच प्रतींत आलेला पाठ केवळ एकटा आहे म्हणून टाकीत नाहीं. तो टीपेंत राखतो, कारण उद्यां दुसरी प्रत सांपडली तर त्याचें मोल कळेल. ज्यांनीं त्या ओळीवरून तांबे अमुक तुरुंगांत आहेत असें ठाम लिहिलें, त्यांनीं पाठास प्रमाणाहून अधिक वजन दिलें. आणि ज्यांनीं ती ओळ खोटी ठरवून त्यांच्या मरणावर शिक्कामोर्तब केलें, त्यांनींही तोच दोष उलट दिशेनें केला. दोन्ही पक्षांनीं नागमोडी रेघ पुसली. तांबे यांच्याविषयीं आज जें निश्चयानें म्हणतां येतें तें इतकेंच: ते गेले, परतले नाहींत, त्यांचें नांव शत्रूच्या मुलुखांतील वृत्तपत्रांत अपभ्रष्ट रूपानें छापलें गेलें. हीं तीन विधानें एका कुटुंबाचें सबंध आयुष्य व्यापून उरलीं आहेत. त्यांत चौथें विधान आपण घालूं नये.

५

कोणी आक्षेप घेईल कीं, हा सर्व शुष्क तर्क झाला; घरच्यांस शेवट हवा असतो, श्राद्धास तिथि हवी असते, आणि ‘बेपत्ता’ हा शब्द जखम उघडी ठेवतो. आक्षेप योग्य आहे. परंतु आपल्या धर्मशास्त्रकारांनीं याचा विचार आपल्याहून खोल केलेला आहे. निर्णयसिंधु, धर्मसिंधु आदि निबंधग्रंथांत, परदेशीं गेलेल्या ज्या माणसाची वार्ता नाहीं त्याची बारा वर्षें वाट पाहावी, आणि मग पळसाच्या ३६० देठांची प्रतिकृति करून तिचा दाह करावा, असा विधि आहे. ज्याची मृत्युतिथि ठाऊक नाहीं त्याचें श्राद्ध सर्वपित्री अमावास्येस करावें, ही रूढि घरोघर आहे. म्हणजे शास्त्रानें घरच्यांस अनिश्चितींत कायमचें लोंबकळत ठेविलें नाहीं.

परंतु त्याच ग्रंथांत पुढें असेंही आहे कीं, दाह झाल्यावर तो मनुष्य जिवंत परत आला, तर त्यास घृताच्या कुंभांतून काढून जातकर्मापासून सर्व संस्कार पुन्हां करावेत, आणि त्याच स्त्रीशीं पुन्हां विवाह लावावा. या विधानाचें मर्म पाहण्यासारखें आहे. शास्त्रकारांनीं विधि पूर्ण केला, पण विधीनें माणूस मेला असें ते मानीत नाहींत. व्यवहारासाठीं निर्णय आणि सत्याविषयींचा निर्णय, हे त्यांनीं निराळे ठेविले. एक दार लावलें आणि दुसरें उघडें ठेविलें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतही सात वर्षें वार्ता न लागलेल्या माणसाविषयीं जें गृहीत धरलें जातें, तें गृहीतच आहे. तो जिवंत असल्याचें सिद्ध झालें तर तें गळून पडतें. २०२३ च्या नव्या अधिनियमांतही हेंच तत्त्व कायम आहे. घरच्यांनीं पिंड द्यावा, सरकारनें निवृत्तिवेतन द्यावें; इतिहासकारानें मात्र ‘बेपत्ता’ हा पाठ राखावा. या तिन्ही गोष्टींत विरोध नाहीं. विरोध उत्पन्न होतो तो इतिहासकार पुरोहिताचें काम करूं लागला म्हणजे.

मीं फलकावर ‘वीरगति’ लिहिलें तेव्हां मला वाटलें कीं मी त्या घराचा मान वाढवीत आहें. त्या माऊलीस मान नको होता. तिनें जपलेला एक शब्द मीं तिला न विचारतां खोडला, हें तिचें गाऱ्हाणें होतें.

६

आतां या चर्चेंतून निघणारे नियम संक्षेपानें सांगतों. हरवलेल्या सैनिकाविषयीं लिहितांना त्याच्या नांवाशेजारीं प्रमाण लिहावें: शरीर मिळालें, कीं विमान मिळालें, कीं केवळ वार्ता मिळाली. तारीख देतांना ती मृत्यूची कीं शेवटच्या दर्शनाची हें स्पष्ट करावें. नांवाचीं सर्व रूपें, अपभ्रष्ट असलीं तरी, जशींच्या तशीं द्यावीं. शुद्ध रूप आपण सुचवावें, पण मूळ रूप खोडूं नये. आणि घरांतील मौखिक परंपरा लिहून घेतांना कोण काय म्हणाला हें निराळें ठेवावें; आजीची कथा आणि चुलत्याची कथा यांचें मिश्रण करूं नये.

याहून महत्त्वाची गोष्ट साधनें वांचविण्याची. आपले सभासद दप्तरांसाठीं वाडे धुंडाळतात. त्याच वाड्यांत, आणि वाडा नसलेल्या घरांतही, देवघरांतल्या फडक्यांत बांधलेली एखादी तार, मनिऑर्डरीचें कुपन, पगाराचें पुस्तक, पलटणींतून आलेलें पत्र असतें. यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी, केळापूर या भागांतील घरांत असे कागद मीं स्वतः पाहिले आहेत. ते शंभर वर्षांचे झाले नाहींत म्हणून आपण त्यांस हात लावीत नाहीं, आणि ते शंभर वर्षांचे होण्यापूर्वींच रद्दींत जातात. तार पाठविण्याची सोयच आपल्या देशांत २०१३ सालीं बंद झाली. तेव्हां हा साधनवर्ग आतां वाढणार नाहीं, कमीच होत जाणार. ज्यांस शक्य असेल त्यांनीं मूळ कागद घरींच राहूं देऊन त्याची छायाप्रति घ्यावी, कागद कोणाजवळ आहे, कोठें मिळाला, घरचे त्याविषयीं काय सांगतात, हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें, आणि मंडळाकडे एक प्रत द्यावी.

असो. पोथीचें एखादें पान हरवलें तर आपण तेथें कोरी जागा सोडतों आणि टीप देतों: ‘येथें पत्र नाहीं’. ती कोरी जागा पोथीचा दोष मानीत नाहीं. ती पोथीचा भागच असते. बेपत्ता माणसाच्या चरित्रांतील कोरी जागाही तशीच राखावी. ती भरण्याचा अधिकार पुराव्यास आहे, लेखकास नाहीं. आणि पुरावा येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहण्याचा अधिकार घरच्यांचा आहे. तो आपण एका शब्दानेंही हिरावून घेऊं नये.